डोक्याला तेल लावून येऊ नये

मॅडमचा रिपोर्ट छापून आला की त्यात काय असणार, हे मला आत्ताच माहीत आहे. आलेख असतील, तक्ते असतील आणि शेवटी बारीक अक्षरात माझं नाव असेल, तेही आडनाव चुकवून! पण मागच्या थंडीत आम्ही मुलचेऱ्याच्या पुढं जंगलात दोन महिने जे भोगलं, ते रिपोर्टात कुठून येणार? ते सगळं माझ्याकडंच साचलंय. चंद्रपूरला मैत्रिणी भेटल्या की सुरू होतात, "संध्या, ते तेलाचं सांग!" तेलाचं सांगून होत नाही तर, "आता बांबूचं सांग!" एक किस्सा काढावा तर त्याचा पदर धरून दुसरा बाहेर येतो. म्हणून एकदाच बसून सगळं सांगते. नंतर मला चहाच्या वेळी छळायचं नाही.

तर मी ईईजी टेक्निशियन. बारा वर्षं झाली, लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवते. मेंदूत बारीक वीज खेळत असते, ती या वायरी पकडतात आणि कॉम्प्युटरवर रेघा उमटतात. केतकी मॅडम पुण्याच्या डॉक्टर. त्यांना बघायचं होतं की रोज योग आणि ध्यान केलं तर मेंदूत काय फरक पडतो, माणसाचं लक्ष टिकतं का. आधी एकदा तपासायचं, आठ आठवडे योग करवून घ्यायचा, मग पुन्हा तपासायचं. शहरातली डोकी सगळ्यांनीच तपासली आहेत म्हणून मॅडमनी जंगलातली निवडली, गावातल्या बाया आणि वनखात्याचे वॉचर. योग शिकवायला सिंदेवाहीचे गुरनुले सर, गाडीवर बल्लारपूरचे शकीलभाई. मशीन आणि आम्ही, दोघांचाही मुक्काम फॉरेस्टच्या जुन्या रेस्ट हाऊसात.

गावात माझं नाव दुसऱ्याच दिवशी पडलं. वायरवाली बाई!

*

मॅडमनी गावात निरोप पाठवला होता, "उद्या सकाळी मेंदूचा आलेख काढायचा आहे, स्वच्छ होऊन या." मेंदूचा का होईना, काहीतरी काढणार म्हणजे फोटोच, असं गावानं धरलं.

सकाळी बावीस जण रांगेत उभे. काय ती डोकी, बाप्पा! टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, ओंजळीनं चोपडलेलं. भांग तर पट्टी ठेवून पाडल्यासारखे. आणि आमच्या वायरींचं तेलाशी हाडवैर! पेस्ट लावून वायर बसवली की ती सरकत सरकत कानावर. पहिल्या बाईच्या रेघा अशा नाचायला लागल्या की मॅडम ओरडल्या, "संध्या, हिला फिट येतेय का?"

"तिला काही नाही मॅडम. वायर घसरगुंडी खेळतेय."

मग मी सगळ्यांना बजावलं. शाम्पूनं डोकं धुवायचं, तेल लावून यायचं नाही. शकीलभाईंनी मुलचेऱ्याच्या बंगाली दादाच्या दुकानातून शाम्पूच्या पुड्यांच्या माळाच्या माळा आणल्या. दादानं विचारलं म्हणे, "लग्न आहे का कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा चकचकीत डोकी! माझं टाळकं सरकलं. रांगेत पहिली बेबीबाई. केस कमरेखाली, तोंड फटकळ. मी म्हटलं, "शाम्पू दिला होता ना? धुतलं नाही?"

"धुतलं ना बाई! एवढ्या थंडीत धुतलं, तुमच्यासाठी. मंग तेल लावलं."

"अहो, पण तेल लावायचं नाही म्हटलं होतं!"

"कोरड्या डोक्यानं घरून निंगू काय? वाटेत चार जनं विचारतीन ना, कोन गेलं म्हनून!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिकडं घरात कोणी वारलं तरच डोक्याला तेल लागत नाही. आदल्या संध्याकाळी एका सुनेनं माझं ऐकून खरंच कोरडे केस ठेवले होते. ते पाहून कोणीतरी पलीकडच्या गावात कळवलं, आणि तिची नणंद रडत-ओरडत आली. दारात बघते तर म्हातारी आई तांदूळ पाखडत बसलेली, बाप विडी ओढत. नणंदेचं रडणं काही थांबेना. म्हणे, "मंग कोन गेलं ते तरी सांगा!"

शेवटी तोडगा निघाला. घरून तेल लावून यायचं, रेस्ट हाऊसवर मी डोकं धुणार, रेकॉर्डिंग झालं की पुन्हा तेल लावून घरी. दोन महिने मी टेक्निशियन कमी आणि न्हाणीघरातली दाई जास्त होते.

त्या रांगेत एकच डोकं कोरडं निघालं. देवाजीभाऊ, वनखात्याचे वॉचर, पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, गप्प. मी खूश होऊन मोठ्यानं म्हटलं, "वा देवाजीभाऊ! तुम्हीच एक शहाणे निघालात. जरा शिकवा या लोकांना!"

 बेबीबाईनं मला कोपरानं ढोसलं आणि कानात सांगितलं, देवाजीची बायको जाऊन वर्ष होऊन गेलं, तेव्हापासून त्यानं डोक्याला तेल लावलेलं नाही. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी पुढं कोणावर ओरडलेच नाही.

*

देवाजीचं प्रकरण इथंच सांगून टाकते, कारण पुढं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

आम्ही जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तो वॉच टॉवरवर ड्युटीला होता. समोर जंगलातून धूर उठला, आणि वीस-बावीस वर्षं बीट, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा पट्टा, पायी फिरलेल्या या माणसाला तो दिसला नाही! बांबूचं बरंच रान जळालं. माणूस-जनावर वाचलं, तेवढं नशीब. रेंजर साहेबांनी त्याला जंगलातून काढून नाक्यावर बसवलं. नाक्यावर काम काय, तर गाडी आली की आडवा बांबू वर करायचा, गाडी गेली की खाली करायचा.

देवाजी मला म्हणाला होता, "डोये उघडेच होते बाई. पन मी तिथी नव्हतोच." आणि मग, "दोन वर्स राह्यले माहे रिटायर व्हाले. ते बांबू वरखाली करन्यात जातीन तं मी मरूनच जाईन. बीटवर माह्या पायाले ओळख आहे."

आता आमची लक्षाची टेस्ट. स्क्रीनवर हिरवा गोल आला की बटन दाबायचं, लाल आला की दाबायचं नाही. पंधरा मिनिटं. तेवढंच! गावातल्या पोरीबाळी हसत हसत करून गेल्या. देवाजी सगळ्यांत मागं. दर मिनिटाला मान खिडकीकडं. हिरवा येऊन जातो, हा खिडकीकडं पाहतो. मॅडमनी वहीत लिहिलं, लक्ष विचलित.

मी वैतागून म्हटलं, "भाऊ, समोर पाहा ना! काय आहे त्या खिडकीत?"

"खिडकीत काई नाई जी. नाल्यापलीकडं भेकर भुकलं. मंग रानकोंबडी उडाली. मंग एक मानूस सायकलनं गेला, चैन ढिली आहे त्याची."

मी काही ऐकलं नव्हतं. मॅडमनीही नव्हतं. तेवढ्यात शकीलभाई दारातून डोकावले, "मॅडम, पाना आहे का आपल्याकडं? बाहेर एक सायकलवाला थांबलाय, त्याची चैन सारखी उतरतेय."

मॅडम पेन हातात धरून बसल्याच. पण टेस्टचा आकडा तो आकडा. नेमके रेंजर साहेब त्याच वेळी आले, स्क्रीनवर वाकले आणि म्हणाले, "पाहा! मी म्हणत नव्हतो? याचं डोकं ठिकाणावर नाही. आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणार ना तुम्ही? तेव्हा मशीन हो म्हणालं तर बीटवर पाठवतो. नाही म्हणालं तर नाका."

मॅडम घाबरल्या. "साहेब, ही परीक्षा नाही हो! यात पास-नापास नसतं."

"मॅडम," साहेब म्हणाले, "सरकारी माणसाला पास-नापास नसलेलं काही समजत नाही."

*

गुरनुले सरांचा पहिला वर्ग रेस्ट हाऊसच्या अंगणात. समोर बारा वॉचर सतरंजीवर बसलेले. सर म्हणाले, "आता सगळ्यांनी अलगद डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, फक्त त्याच्याकडं लक्ष द्या." आणि उदाहरण म्हणून स्वतःचे डोळे मिटले.

पाच मिनिटांनी उघडले तर समोर बारा पाठी आणि बारा तोंडं भलत्याच दिशांना! सगळे जोडीजोडीनं, पाठीला पाठ लावून बसलेले. प्रत्येक जोडीत एकाचे डोळे मिटलेले आणि दुसरा टकटक जंगलाकडं पाहतोय.

सर चिडले. "अरे, डोळे मिटा म्हटलं ना सगळ्यांनी!"

एक वॉचर म्हणाला, "सगळ्यांनी कसे मिटता येतीन सर? इथी जानवर आहे. आमी जंगलात जेवतो तवाबी अर्धे जेवते आन अर्धे पाहते. पयले हे मिटतीन, मंग आमी मिटू."

"मग मी डोळे मिटले तेव्हा कोण पाहत होतं?"

देवाजी शांतपणे म्हणाला, "मी. तुमच्या मांगून साप गेला. धामन होती, म्हनून नाई उठवलं."

त्या दिवसापासून वर्ग पाळीपाळीनं व्हायला लागला. ध्यान वीस मिनिटं, पहारा वीस मिनिटं. आणि सर भिंतीला पाठ लावून बसायला लागले.

*

सरांचं पुढचं ऐका. गावातल्या बायांना मशीनची भीती वाटायची. कोणी म्हणे करंट लागतो, कोणी म्हणे मनातलं सगळं टीव्हीवर दिसते. मॅडमनी ठरवलं, गुरनुले सरांनाच वायरींची टोपी घालून दाखवू. डोळे मिटून शांत बसलं की कॉम्प्युटरवर संथ, गोल गोल लाटा येतात, अल्फा म्हणतात त्यांना. वीस वर्षं योग केलेला माणूस, लाटा काय सुंदर येतील!

सर पद्मासनात बसले. चेहऱ्यावर काय ती शांती! आणि स्क्रीनवर? दंगल! रेघा नुसत्या उड्या मारतायत. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, दात आवळू नका." "नाही आवळत." "कपाळ सैल सोडा." "सैलच आहे." खिशातला मोबाईल थरथरला, त्याबरोबर रेघांचा भडका. सर डोळे मिटूनच म्हणाले, "कोण आहे बघा जरा, सोसायटीच्या मीटिंगचा असेल."

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बेबीबाई म्हणाली, "सरच्या मनात तं बजार भरला आहे वो!"

लाज राखायला मी शकीलभाईंना दारातून ओढून आणलं आणि टोपी घातली. शकीलभाईंनी उभ्या जन्मात योग केलेला नाही. खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि अर्ध्या मिनिटात अशा संथ, एकसारख्या लाटा यायला लागल्या की मॅडम उठून उभ्या राहिल्या. "संध्या, हे बघ! काय सुरेख अल्फा! शकीलभाई, तुम्ही आत्ता काय करत होतात?"

"कुछ नहीं मॅडम. गाडी चालवताना बसतो तसा बसलो."

मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हणजे गाडी चालवतानाही तुमचं असंच असतं?"

"हो ना मॅडम. एकदम असंच!"

परतीच्या प्रवासापर्यंत मॅडम पुढच्या सीटवर बसल्या नाहीत. गुरनुले सर मात्र खरंच दुखावले होते. त्या दिवसापासून वर्गाच्या वेळी त्यांचा मोबाईल माझ्याकडं असायचा. शेवटी शेवटी त्यांच्या लाटाही बऱ्या यायला लागल्या, हे कबूल केलं पाहिजे.

*

आता मॅडमच्या अभ्यासावर जो बॉम्ब पडला तो सांगते.

बायांचे दोन गट होते. चिठ्ठ्या टाकून पाडलेले. एका गटाला योग शिकवायचा, दुसऱ्याला मुद्दाम शिकवायचा नाही, म्हणजे फरक मोजता येतो. न शिकवण्याच्या गटात बेबीबाईची चिठ्ठी निघाली. ती फणफणली, "आमीनं काय पाप केलं?" मॅडमनी समजावलं की तुमचं काम जास्त महत्त्वाचं आहे, तुम्ही काही करायचं नाही. बाई पुटपुटत गेली.

चौथ्या आठवड्यात मधली तपासणी. योगवाल्या बायांचं लक्ष वाढलेलं. मॅडम खूश. मग न शिकवलेल्या बाया बसल्या, आणि त्यांचंही तेवढंच वाढलेलं! बेबीबाई तर सगळ्यांच्या पुढं! मॅडम रात्रभर आकडे तपासत बसल्या. मला विचारतात, "संध्या, मशीन बिघडलं का?" मी म्हटलं, "मशीनचं राहू द्या, मी गावात जाऊन येते."

संध्याकाळी बेबीबाईच्या अंगणात गेले तर काय, शेणानं सारवलेल्या अंगणात दोन्ही गट मांडी घालून बसलेले! मधोमध शेजारची योगवाली सून शिकवतेय, "श्वास आत येऊन राह्यला, बाहेर जाऊन राह्यला." आणि बेबीबाई डोळे मिटून, ताठ, पहिल्या रांगेत.

मी डोक्याला हात लावला. "अवं बेबीबाई, तुम्हाला करायचं नाही म्हटलं होतं ना!"

"आमी नाईच करत होतो बाई," ती डोळे न उघडता म्हणाली. "पन हिलेच बरं नाई वाटलं. घरी भाजी झाली तं वाटीभर शेजारी जाते. एवढं चांगलं शिकून आली, एकटी कशी खाईन?"

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या ओट्यावर मटकन बसल्या. एवढ्या लांब येऊन, एवढ्या थंडीत राहून, अर्धा अभ्यास पाण्यात! डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मला फार वाईट वाटलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ठीक आहे. न शिकवलेला गट आपण दुसऱ्या गावातून घेऊ. तीन-चार किलोमीटरवरच्या."

बेबीबाई तिथंच उभी होती. तिचा चेहरा एकदम खुलला.

"नाल्यापलीकडचं गाव ना? बरं झालं! माह्या दोन्ही पोरी तिथीच दिल्या आहे!"

*

इकडं देवाजी नाक्यावर. वर्गात जे शिकवलं ते तो नाक्यावर दिवसभर करत होता, हे आम्हाला माहीतच नव्हतं. कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळं. तो रेस्ट हाऊसवर तावातावानं आला, "तुमच्या योगानं माझा टाइम खाल्ला मॅडम!"

झालं असं होतं की देवाजी बांबू श्वासाबरोबर वर करायचा. श्वास आत घेत घेत बांबू वर. मग गाडी जाऊ द्यायची. मग श्वास सोडत सोडत बांबू खाली. आणि श्वास तरी कसा, गुरनुले सरांनी शिकवलेला, लांब! हॉर्न मारा, शिव्या द्या, याचा श्वास पुरा झाल्याशिवाय बांबू पुरा वर जायचा नाही.

"आणि काही बोलायला जावं," ड्रायव्हर म्हणाला, "तर म्हणतो, तुमीबी घ्या!"

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "मी सांगते त्यांना. घाईच्या वेळी करू नका म्हणून."

ड्रायव्हर जरा घुटमळला. "नको, सांगू नका तसं. आता सवय झाली आहे. बांबू सावकाश वर गेला नाही तर मलाच चुकल्यासारखं होते."

रेंजर साहेबांची जीपही एकदा तिथं तशीच थांबली म्हणे. साहेबांनी काही म्हटलं नाही, पण डायरी काढून काहीतरी लिहिलं. त्या दिवसापासून गाव धास्तावलं. साहेबांनी काय लिहिलं? देवाजीचं काय होणार? बेबीबाई तर मला गाठून म्हणाली, "बाई, तुमच्या हातात आहे ना मशीन? थोडं इकडचं तिकडं करा. देवाजीभाऊले पास करून टाका!"

खरं सांगते, मनात आलं होतं माझ्या. एक बटन दाबायची तर बाब! पण मॅडमचा अर्धा अभ्यास आधीच गेला होता, उरलेला मी कशी नासवू? मी तिला नाही म्हटलं, आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

*

शेवटचा दिवस. फेब्रुवारी संपत आलेला, पानगळ सुरू, आगीचे दिवस तोंडावर. मशीन संध्याकाळी परत जायचं होतं, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. सगळ्यांच्या टेस्ट झाल्या, एकटा देवाजी राहिला.

तो आला आणि मी बघतच राहिले. डोक्याला तेल! चापून चोपून लावलेलं, भांग पाडलेला! दोन महिने मी तेलाच्या नावानं बोटं मोडली. त्या दिवशी मात्र गुपचूप पाणी गरम केलं आणि त्याचं डोकं सावकाश धुतलं. तो म्हणाला, "सकायी बाटली दिसली, लावून टाकलं." मी म्हटलं, "बरं केलं भाऊ." माझ्याच डोळ्यांत शाम्पू गेला होता बहुतेक.

खोलीत मॅडम, मी, गुरनुले सर, बेबीबाई आणि देवाजीच्या मागं खुर्चीत रेंजर साहेब. टोपी काढून शेजारच्या टेबलावर ठेवलेली. त्याच टेबलावर बायांनी शेवटच्या दिवसाचा खाऊ आणून ठेवला होता, केळी आणि भुईमुगाच्या शेंगांची टोपली. मी सगळ्यांना दम दिला, "पंधरा मिनिटं कोणी तोंडातून आवाज काढायचा नाही. आवाज झाला तर टेस्ट रद्द, आणि दुसरी घ्यायला वेळ नाही!" साहेबांकडं विशेष पाहिलं, कारण आदल्या आठवड्यात त्यांनी मध्येच फोन उचलून एका वॉचरची टेस्ट घालवली होती. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

टेस्ट सुरू. हिरवा, बटन. हिरवा, बटन. लाल, हात स्थिर. मी रेघांकडं पाहतेय, संथ, सुरेख. पाच मिनिटं गेली, मान एकदाही हलली नाही. बेबीबाईनं माझा हात घट्ट धरला.

आणि खिडकीतून वानर आलं!

चांगलं मोठं, काळ्या तोंडाचं. टेबलावर उतरलं, केळ्यांचा घड उचलला. आम्ही सगळे जागच्या जागी गोठलो. ओरडावं तर देवाजीची टेस्ट रद्द! साहेबांनी नुसते हात हलवले, वानरानं दात दाखवले. तेवढ्यात दारातून दुसरं आत. त्यानं टोपली उलथली, शेंगा जमिनीवर, आणि साहेबांची टोपी उचलून पसार! साहेबांचं तोंड उघडं, आवाज मात्र नाही. गुरनुले सर भिंतीला पाठ लावून जोरजोरात श्वास घेतायत. मॅडमनी दोन्ही हात तोंडावर दाबलेले. माझ्या हातात बेबीबाईची नखं रुतलेली.

देवाजी? हिरवा, बटन. हिरवा, बटन. लाल, स्थिर.

पंधरा मिनिटं संपली. स्क्रीनवर आकडा आला. एकही चूक नाही. एकही! मॅडम किंचाळल्याच आनंदानं. बेबीबाई तर नाचायला लागणार, इतक्यात साहेबांचा आवाज आला. बसल्या जागेवरून, कडक.

"थांबा. कसली चूक नाही? खोलीत वानरं शिरली, केळी गेली, माझी टोपी गेली, आणि या माणसाला पत्ता नाही! टॉवरवर धूर दिसला नाही, इथं वानर दिसत नाही. असा माणूस मी आगीच्या दिवसांत बीटवर पाठवू? तुमचं मशीन काही म्हणो मॅडम, माझा निर्णय झाला."

  साहेबांचं चुकलं कुठं होतं? मला वाटलं, गेलं सगळं. बेबीबाईनं माझा हात सोडला.

देवाजी स्क्रीनकडंच पाहत होता. त्या काळ्या काचेत मागची खिडकी, दार, दारासमोरचा आंबा, सगळं उमटलं होतं. डोक्यावर अजून वायरींची टोपी. मान न वळवता तो म्हणाला, "तीन होते साहेब."

"काय?"

"तीन वांदरं. पयली खिडकीतून आली, तिच्या डाव्या कानाले चीर आहे. केळं घेऊन गेली. दुसरं दारातून. तुमची टोपी घेऊन समोरच्या आंब्यावर बसलं आहे, टोपी उलटी घातली आहे त्यानं."

आम्ही दारातून पाहिलं. आंब्यावर, उलटी.

साहेबांचा आवाज जरा खाली आला. "आणि तिसरं?"

"तिसरं पिल्लू आहे. ते नाई गेलं. तुमच्या खुर्चीखाली शेंगा खाऊन राह्यलं. त्याची माय वापस आली, तुमच्या मांगं खिडकीत बसली आहे, कानाले चीर असलेली. पिल्लाले धक्का लागला तं ती अंगावर येईन."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीखालून कुरुम कुरुम आवाज येत होता, तो आता सगळ्यांना ऐकू आला.  मग साहेब ओठ न हलवता म्हणाले, "देवाजी, उद्यापासून तू बीटवर."

"जातो जी साहेब," देवाजी म्हणाला. "पन आत्ता हालू नोका. श्वास घ्या. हां. आता सोडा, सावकाश."